भरल्या मानेचा कोंबडा

कापूस वेचायले गेलं की बाई आपली बोंडातला पांढरा कापूसच तेवढा ओटीत टाकते. पण घरी येऊन गाठोडं सोडलं की त्यात पाला निघतो, काड्या निघतात, कोणाच्या बांगडीचा तुकडाही निघतो. टाकला कोणी, ते कोणी सांगत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या गल्लीतल्या बाया संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतात त्या तूर निवडायले, नाही तर लसूण सोलायले. कोंबड्यांवर बोलायचं असं ठरवून कोणी येत नाही. पण उठतो तेव्हा तूर निवडलेली अर्धी अन् कोंबड्यांचे किस्से सूपभर.

आमचं गाव आर्णीपासून जवळच. घरोघरी खुराडं. कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं सोडून टोपल्यात रुसून बसली, की तिच्याखाली चार घरची अंडी ठेवायची अशी आमची रीत. पिल्लं निघाली की अर्धी अंडीवालीची, अर्धी कोंबडीवालीची. त्यामुळं आमच्याकडं कोणतं पिल्लू कोणाच्या नात्यातलं, हे विचारायचंच नाही. गल्लीतल्या सगळ्या बाया एकमेकींच्या विहिणी.

अन् या सगळ्या किस्स्यांच्या मुळाशी आहे लीलाबाईचा नवस.

* * *

लीलाबाई म्हणजे माझी शेजारीण. मधात एकच भिंत, तीही कमरेएवढी. तिच्या सुनेले, वैशालीले, लग्नाला बरीच वर्षं झाली तरी लेकरू नव्हतं. म्हणून आषाढातल्या आखाडीच्या दिवशी लीलाबाई गावाबाहेरच्या मरीमायपुढं नवस बोलायले उभी राहिली. मी तिच्या बाजूलाच. पाठीमागं बायांची रांग.

मी म्हटलं, "लीले, कोंबडा देईन म्हण अन् चाल. ऊन लागून राह्यलं."

ती कशाची ऐकते. शिंप्याले ब्लाउजचं माप सांगावं तशी देवीले सांगत बसली. "माय, सुनेची कूस उजव. माह्या घरच्या खुराड्यात निघालेला, घरच्या दाण्यावर वाढलेला, मानेपासून शेपटापर्यंत भरल्या पिसाचा कोंबडा देईन. अन् तो देल्याशिवाय लेकराच्या डोक्याले कैची लावणार नाई."

येताना मी विचारलं, "इतक्या अटी कायले टाकल्या वं?"

"देवीले कमी नाई दिसलं पाह्यजे," ती म्हणाली. "रंगाची अट त नाई टाकली न."

पुढच्या वर्षी गोलूचा जन्म झाला. पोट्टं डोक्यावर गच्च काळं जावळ घेऊनच आलं. वैशाली म्हणाली, "आई, नवस फेडून टाकू." लीलाबाईच्या अंगणात तेव्हा भरल्या पिसाचे कोंबडे धक्के मारत फिरत होते. ती म्हणाली, "काय घाई हाये? कोंबडे काय पळून चालले?"

* * *

त्याच सुमारास लीलाबाईची भुरी कोंबडी खुडूक झाली. टोपल्यात भुसा घातला, वीज कडाडली तर अंडी मरू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवला, अन् अंडी मांडली. पिल्लं निघाली त्या सकाळी लीलाबाईनं भिंतीवरून हाक मारली.

"वच्छे, इकडे ये वं. माह्या घरी गिधाड निघालं."

जाऊन पाहते तर बाकी पिल्लं कापसाच्या बोळ्यासारखी. अन् एक मात्र असं, की डोक्यावर टोपी, अंगात कोट, अन् मधातली मान साफ उघडी. लाल, सुरकुतलेली, जशी आंघोळीले बसलेल्या बुढ्याची.

गल्ली जमा झाली. तांड्यावरून सोनीबाई आमच्याकडं निंदायले येते, ती म्हणाली उंदरानं कुरतडलं असेल. मी म्हटलं, ग्रहण लागलं असेल. लीलाबाईचा नवरा नामदेवराव दातण करत उभा होता. तो म्हणाला, "अंड्यात पिसं सरले असन. दुकानात सरत नाई काय माल?"

लीलाबाईनं कोणाचं ऐकलं नाही. औषध सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ त्या पिल्लाच्या मानेले हळद अन् खोबरेल. आज येतील पिसं, उद्या येतील पिसं. पिसं काही आली नाहीत, पण पिल्लू मानेपासून पिवळंधमक झालं.

सोनीबाईनं येता-जाता ते पाहिलं. एक दिवस थांबली अन् तांड्यावर मायले म्हणतात तसं म्हणाली, "याडी, हळद त लागली. आता नवरदेव पाह्य."

पिल्लू कोंबडी निघाली. तिचं नाव पडलं गिधाडी.

* * *

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते आमच्या छपराच्या टिनाले विचारा. दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख सोडून, भिंतीच्या सावलीत धापा टाकत बसतात. लीलाबाईनं नवसासाठी एक कोंबडा निवडून ठेवला होता. काय त्याची मान! शाल पांघरल्यासारखी पिसं. चालायचा असा, की पाटीलही बाजूला होईल. त्याले कोणी हात लावायचा नाही, हाकलायचंही नाही. "देवीचा हाये," लीलाबाई म्हणायची.

एका दुपारी तो देवीचा कोंबडा जास्वंदाखाली बसला. बसला तो बसलाच. त्या आठवड्यात गल्लीतल्या किती तरी कोंबड्या अशाच बसल्या. अन् गिधाडी? ती भर दुपारी उकिरड्यावर. वारा मानेवर घेत किडे वेचून राह्यली होती, जशी काही सायंकाळची फिरायले निघाली.

लीलाबाई कोंबड्याजवळ बसून डोळे पुसत होती. नामदेवराव वावरातून आला. डोक्यावर ओला दुपट्टा, सदऱ्याची बटनं उघडी. त्यानं कोंबड्याकडं पाहिलं, गिधाडीकडं पाहिलं.

"कॉलरचं बटन तरी खोलायचं होतं याचं," तो म्हणाला अन् पाणी प्यायले आत गेला.

ती आखाडी तशीच गेली. गोलूचं जावळ कानावर आलं.

* * *

गिधाडीनं अंडी द्यायले सुरुवात केली, अन् पहिल्याच खेपेले अर्धी पिल्लं आईवर गेली. लीलाबाई घाबरली. उघड्या मानेची पिल्लं तिनं वेचून बाजूले काढली अन् गल्लीत वाटत सुटली. "घे वं वच्छे, तुले एक. घे वं सोनी, तुले दोन." रीतीप्रमाणं अर्धा वाटा द्यायचा असतो. हिनं आमच्या ओच्यात सगळीच टाकली. तिच्या हातून एवढं मोठेपण आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हटलं, "लीले, काही मागतं नाई न तुह्यं?"

"नाई वं. तुह्या अंगणात कोंबड्या कमी दिसते म्हून देल्या."

आम्ही ठेवून घेतल्या. दिसायले कशाही असोत, उन्हात मरत तरी नव्हत्या. पण पुढच्या खेपेले गल्लीत ज्या-ज्या कोंबड्या खुडूक झाल्या, त्यांच्याखालची अंडी नेहमीसारखी चार घरची. तिच्याखाली माझी, माझ्याखाली तिची. पिल्लं निघाली तेव्हा लीलाबाईनं टोपली उघडली अन् तिथंच मटकन बसली. वाटून टाकलेली सगळी मानच परत घरी आली होती.

* * *

तरी एक कोंबडा चांगला निघाला. भरल्या मानेचा. लीलाबाईनं त्याले उन्हाळाभर रांजणाच्या बाजूले ओल्या पोत्यावर बांधून जगवलं. आखाडी जवळ आली. वैशालीनं न्हाव्याले सांगूनही ठेवलं.

अन् लीलाबाईचा जावई आला.

सांगून आला असता तर गोष्ट वेगळी. पण जावई तो जावई, मोटरसायकल लावली अन् अंगणात खाट ओढून बसला. घरात त्या दिवशी कापण्याजोगे कोंबडे दोनच. एक नवसाचा, दुसरा गिधाडीचा लेक, लठ्ठ, पण मान उघडी.

वैशाली म्हणाली, "आई, तो उघड्या मानेचा घेऊ न."

"जावयाच्या ताटात रोगट कोंबडा टाकू? काय म्हणन तो?"

"आई, शिजल्यावर मानेची पिसं कुठं दिसते?"

"मले दिसते न," लीलाबाई म्हणाली.

नामदेवराव सुरी घासत होता. तोही म्हणाला, "देवी एक वर्ष थांबन. जावई अर्धा तास थांबत नाई."

नवसाचा कोंबडा शिजला. जावई बोटं चाटत म्हणाला, "आईच्या हातची चवच वेगळी." वैशाली वाढता-वाढता गोलूच्या कानावरचे केस मागं सारत होती अन् जावयाकडं अशी पाहत होती, की दुसरा असता तर त्याच्या घशात हाड अडकलं असतं.

* * *

गोलूचं जावळ पाठीवर आलं. मग वैशालीनं वेण्या घालायले सुरुवात केली. दोन वेण्या, लाल फिती. दुसरं करणार काय? मोकळे ठेवले तर भातात जायचे.

आर्णीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ताई, पोरीले मांडीवर घ्या." गोलू उभा राहिला अन् म्हणाला, "मी पोट्टा हावो." कंडक्टर म्हणाला, "बरं बाई, पोट्ट्याले मांडीवर घ्या."

अंगणवाडीच्या कार्यक्रमात त्याले मुलींच्या रांगेत उभं केलं. डोक्यावर छोटी घागर देली. वैशाली लाजेनं खाली पाहून राह्यली, अन् गोलू घागर धरून असा नाचला की पहिलं बक्षीस त्यालेच. बक्षिसात निघाल्या बांगड्या. त्या त्यानं घरी येईपर्यंत काढल्या नाहीत.

हसायची गोष्ट होती, हसलो आम्ही. पण एकदा पोट्ट्याले ताप आला, दोन दिवस उतरेना. मी पाहायले गेली तर लीलाबाई त्याच्या उशाशी. दोन्ही वेण्या हातात धरून बसलेली, जशी कोणी देवीची दोरीच धरली.

वैशाली दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, डोक्यात घाम मुरून ताप येते असं डॉक्टर म्हणते. कापून टाकू न."

"अन् देवीनं वापस मागितलं तं?"

वैशाली पट्टीचं पाणी बदलायले गेली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. लीलाबाईनं उठून आधी खुराड्यात पाहिलं.

* * *

मग तिनं शक्कल लढवली. तिची बहीण नेर गावी असते. तिच्याकडच्या कोंबड्या भरल्या मानेच्या, गिधाडीच्या रक्ताचा थेंब नाही. नवसात शब्द काय होता? घरच्या खुराड्यात निघालेला. अंडं कोणाचं, हे थोडीच बोलली होती. लीलाबाई बसनं नेरले गेली अन् अंडी गव्हाच्या डब्यात दाबून, डबा मांडीवर घेऊन आली. वाटेत शेजारच्या बाईनं डबा खाली ठेवा म्हटलं तर म्हणाली, "नाई वं, यात माह्या नातवाचे केस हाये." ती बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

पिल्लं निघाली, एकही उघडं नाही. त्यातला कोंबडा असा निघाला की त्याचं नाव राजा ठेवलं. पण बाहेर उन्हाळा. मागची आठवण होतीच. म्हणून राजाले घरात घेतलं. घरात कूलर. राजा कूलरसमोर.

त्या कोंबड्याले अशी सवय लागली, की तो पहाटेले आरवायचा नाही. लाइट गेली की मान पाडून बसायचा. लाइट आली, कूलर सुरू झाला, की उभा राहून बांग द्यायचा. गल्लीत लाइट आली की नाही हे कोणी बटन दाबून पाहायचं सोडूनच देलं. "राजा बोलला काय?" एवढं विचारायचं अन् मोटार सुरू करायले जायचं. नामदेवराव तेव्हा अंगणात झोपायचा, कारण कूलरची जागा भरलेली होती.

मग मोठं वादळ झालं. खांब पडले. लाइट एक दिवस नाही, दोन दिवस नाही. लीलाबाई पदरानं वारा घालून राह्यली, नामदेवराव सुपानं. तिसऱ्या दिवशी दुपारी वायरमन शिडी घेऊन गल्लीत आला. लीलाबाई दारातच बसलेली.

"काय झालं मावशी? लाइट येते आता."

"आता कोणासाठी लावता भाऊ," ती म्हणाली.

वायरमननं टोपी काढली. त्याले वाटलं बुढाच गेला. तेवढ्यात नामदेवराव आतून आला तर वायरमनच्या हातची शिडी पडतापडता राहिली.

* * *

माझ्या घरच्या खोलीत शाळेच्या मॅडम भाड्यानं राहतात. चांगल्या आहेत, लसूण सोलायले बसतात. त्यांनी एकदा विचारलं, "आजी, या गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या अशा कशा?"

तेव्हा खरंच, मी मान वर करून पाहिलं. उकिरड्यावर, ओट्यावर, खाटेखाली, सगळ्या उघड्या मानेच्या. काहींच्या छातीवर पिसांचा एक झुपका. त्यांना नामदेवराव टायवाले म्हणायचा. काहींना तोही नाही.

लीलाबाई म्हणाली, "मॅडम, देवी कोपली."

मॅडम म्हणाल्या, "देवीनं काही नाही केलं. कधी कधी एखादं पिल्लू आपोआपच वेगळं निघतं. अंड्यातच बदल होतो, कोणी करत नाही. बहुतेक वेळा अशा बदलाचा उपयोग नसतो. पण तुमच्याकडं ऊन पडतं. उघड्या मानेची जगली, भरल्या मानेची मेली. जी जगली तिनंच अंडी दिली. मग पिल्लं तिच्यासारखीच ना. माणूस, जनावर, झाडं, सगळे हळूहळू असेच बदलत आले. फक्त त्याला लई लई वर्षं लागतात. तुमच्या गल्लीत एवढ्या लवकर कसं झालं, तेच मला समजत नाही."

सोनीबाई म्हणाली, "बाकीच्या आम्ही खाल्ल्या न."

"म्हणजे?"

"चांगल्या मानेचा दिसला की पाहुण्याले कापला. आखाडीले कोणी देवीले देला. बाजारातला कोंबडीवाला बी तसेच नेते, उघड्या मानेचा देला तं रोगी म्हणते. मंग राह्यलं काय?"

मॅडम लसूण सोलायच्या थांबल्या. मग हसू लागल्या ते त्यांना थांबवेना. "लीलाबाई, ऊन अर्धं काम करत होतं. बाकी अर्धं तुम्ही केलं. ज्याची पिल्लं पाहिजे होती, तोच दर वेळी कापला."

लीलाबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं. मग तिनं नामदेवरावकडं पाहिलं. तो भिंतीपलीकडं खाटेवर पडला होता अन् त्याच्या टकलावर ऊन चमकत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मंग यांचे केस गेले ते बी उन्हासाठीच काय?"

"नाही हो, ते वेगळं."

"मले वाटलंच. यांचा काही उपयोग असता तं आधीच दिसला असता."

* * *

आता शेवटचा सांगते. हा मी पाहिलेला आहे, ऐकलेला नाही.

राजा गेल्यावर लीलाबाईनं आशा सोडली होती. गोलूचं नाव पहिलीत घातलं. पहिल्या दिवशी तो वेण्या घालून गेला अन् मारामारी करून आला. एक फीत हरवली. वैशालीनं त्या दिवशी सासूले तोंडावर सांगितलं, "आई, ही आखाडी शेवटची. कोंबडा टिको का नाई टिको, दुसऱ्या दिवशी मी स्वतः याचे केस कापते." लीलाबाईनं ताट तसंच सारलं अन् उठून गेली.

तसा कोंबडा मिळाला होता. हिवाळ्यातच. टायवाली कोंबडी, टायवालाच कोंबडा, दोन्ही उघड्या मानेचे. त्यांच्या पिल्लांत, लीलाबाईच्याच खुराड्यात, एक निघालं ते भरल्या मानेचं. गल्ली पुन्हा जमा झाली, जशी गिधाडीच्या वेळी झाली होती. पण आता लहान पोट्ट्यांनी भरल्या मानेचं पिल्लू कुठं पाहिलेलं? एक म्हणे, "याच्या मानेले काय झालं?" दुसरं म्हणे, "सुजली वाटते." सोनीबाईच्या नातीनं तर त्याले हातच लावला नाही, रोग लागेल म्हणून.

मॅडम म्हणाल्या, आजोबाचं नाक बापाले येत नाही अन् नातवाले येतं, तसंच हे. दोघांच्याही आत जुनी मान लपून होती. लीलाबाईले ते काही ऐकू गेलं नाही. पिल्लू ओच्यात घेऊन ती देवघरात गेली होती.

त्या पिल्लाले आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवलं. तो कोंबडा निघावा म्हणून मी स्वतः शनिवार धरले. कोंबडा निघाला. उन्हाळ्यात त्याले कूलर नाही देला, राजाची गोष्ट ध्यानात होती. रांजणाजवळची ओली वाळू देली अन् वर पळसाच्या पानांचा मांडव. जावयाले फोन करून सांगितलं, पाऊस लागेपर्यंत रस्ता खराब आहे, येऊ नका. रस्ता चांगला होता. नामदेवराव रात्री त्याच्या बाजूले खाट टाकून झोपायचा, मुंगूस येईल म्हणून हातात काठी. "जवानीत वावराची राखण केली," तो म्हणायचा, "आता मानेची करून राह्यलो."

कोंबडा जगला. मान अशी भरली की पाऊस लागला तेव्हा तो गोंड्यासारखा दिसायले लागला.

आखाडीची सकाळ झाली. न्हावी आला, ओट्यावर पेटी मांडून बसला. पुरणाचा वास गल्लीभर. मरीमायकडं वाजंत्री सुरू झाली होती. लीलाबाईनं नवीन लुगडं नेसलं. कोंबड्याच्या पायात दोरी बांधली अन् ती आतल्या खोलीत खाटेच्या पायाले अडकवली. गोलूले तिथंच बसवलं.

"कोंबड्याकडं ध्यान ठेव. कोणाले आत येऊ देऊ नको. आज याले देवीकडं न्यायचं, अन् मंग तुह्यं जावळ."

"जावळ म्हणजे काय आजी?" गोलूनं विचारलं. एवढी वर्षं तो शब्द ऐकत होता, कोणी सांगितलंच नव्हतं.

"सगळ्या लेकराचे पहिले केस असते बाप्पा. ते काढावं लागते. तुह्ये राह्यले."

"काहून राह्यले?"

"तुह्या आजीचं चुकलं म्हून," लीलाबाई म्हणाली अन् नैवेद्याचं ताट करायले गेली.

मी अन् सोनीबाई ओट्यावर. वैशाली पोळ्या लाटत होती. मधातच ती म्हणाली, "माह्यी शिवायची कैची कोणी घेतली वं?" कोणी लक्ष देलं नाही.

वाजंत्रीवाले दारापर्यंत आले. लीलाबाई ताट घेऊन, पदर डोक्यावर घेऊन आतल्या खोलीचं दार उघडून उभी राहिली. अन् उभीच राहिली. मी मागून डोकावलं. सोनीबाई माझ्या मागून. नामदेवराव तिच्या मागून.

खाटेखाली सगळीकडं पिसं. तांबडी, सोनेरी, ढीग पडलेला. मधात कोंबडा उभा. ओरखडा नाही, रक्त नाही. छातीपासून डोक्यापर्यंत साफ, लाल, उघडा. मान इकडून तिकडं फिरवून पाहत होता.

गोलू कैची बाजूले ठेवून त्याच्यापुढं मांडी घालून बसला होता. दोन्ही वेण्या त्यानं पुढं ओढून हातात धरल्या होत्या.

"आजी," तो म्हणाला, "याचं बी जावळ राह्यलं होतं. मी काढलं. आता माह्या नंबर."